साडूला सापडलेली बटणं

शेजारच्या दुकानदारानं वर मजला चढवला तेव्हा चष्मेवाल्यांना काही वाटलं नाही. शाळेत त्यांच्या वहीत बघून लिहिणारा मित्र मोठा साहेब झाला, तेव्हाही त्यांनी मनापासून त्याचं अभिनंदन केलं. हेवा नावाची चीज आपल्या अंगातच नाही, अशी त्यांची ठाम समजूत होती. साडूनं यंत्र घेतलं आणि ती समजूत पहिल्याच रविवारी दुपारपर्यंत निकालात निघाली.

यंत्र म्हणजे जमिनीतला धातू हुडकणारं यंत्र. लांब दांडी, खाली ताटाएवढी चकती, कानांवर हेडफोन. चष्मेवाल्यांकडे तसलं यंत्र आधीपासूनच होतं. आठवडाभर ते दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायचे आणि रविवारी यंत्र खांद्यावर टाकून गावाबाहेरच्या पडीक शेतात जायचे. मोटारी यायच्या आधीच्या काळात तिथे टपालगाड्यांचे घोडे बदलत. प्रवासी उतरायचे, पाय मोकळे करायचे, घाईघाईत पुन्हा चढायचे. जिथे माणसं घाईनं चढतात-उतरतात तिथे बटणं तुटतात, हे साधं गणित होतं. शेताच्या मालकिणीची एकच अट होती, खणलेलं बुजवायचं. ती चष्मेवाले इतकी काटेकोर पाळत की मागाहून कुणाला तिथे खणलं होतं हे कळू नये.

लोकांना नाणी हवी असतात. चष्मेवाल्यांना बटणंच हवी असत. ‘नाण्यावर साल छापलेलंच असतं,’ ते म्हणायचे, ‘त्यात आपली अक्कल ती काय लागते? बटण मुकं असतं. त्याला उलटं करून विचारावं लागतं.’ आणि ते खरंच विचारायचे. डोळ्याला भिंग लावून मागची कडी बघायची. कडीवरून साच्याची शिवण गेली असेल तर बटण अख्खं ओतलेलं. सपाट चकतीला तारेची कडी डाख देऊन जोडली असेल तर वेगळा काळ. दोन पत्रे कडेनं दुमडून केलेलं पोकळ बटण त्यानंतरचं, आणि मागे कारखान्याचं नाव-गाव ठळक छापलेलं असेल तर बहुतेक आणखी अलीकडचं. अशी तपासून झालेली बटणं ते चष्म्याच्या काचा ठेवायच्या उथळ खणांत एकेक करून मांडत. घरात त्या खणांना हात लावायची कुणाची छाती नव्हती.

त्यांच्या बायकोला माहेरी थोरली म्हणत. तिच्या पाठची बहीण धाकटी. धाकटीचा नवरा गाडी चालवायला शिकवायचा. दिवसभर शेजारच्या सीटवरून ‘क्लच! अहो, क्लच!’ असा ओरडायचा, म्हणून सगळं गाव त्याला क्लचमास्तर म्हणे. माणूस मोठ्या आवाजाचा, मोठ्या पोटाचा आणि मोठ्या मनाचा. नशीब तर असं की पडला तरी गादीवरच पडायचा. त्यांची छत्री हरवली तर परत येताना दुसरी एखादी घेऊन यायची.

“साडूभाऊ, तुम्ही त्या शेतात जाता ना, मलाही न्या की!” एकदा ते म्हणाले. “रविवारी घरात बसलो की ही मला माळ्यावर चढवते.”

चष्मेवाल्यांनी आनंदानं हो म्हटलं. शिकवायला कुणीतरी मिळणार, याचं त्यांना बरंच वाटलं. पुढच्या रविवारी क्लचमास्तर आले ते नवंकोरं यंत्र घेऊनच. चष्मेवाल्यांच्याच यंत्राचं भावंड, पण एक नंबर वरचं.

“दुकानदार म्हणाला, घ्यायचंच तर हे घ्या,” ते म्हणाले. “यातला फरक मला काय कळतोय!”

चष्मेवाल्यांनी त्यांना यंत्र कसं धरायचं, चकती कशी जमिनीलगत फिरवायची, लोखंडाचा आवाज कसा घोगरा येतो, सगळं सांगितलं. मग आपण गेल्या खेपेस विंचरून काढलेला पट्टा त्यांना सरावासाठी दिला. तिथे काही उरलेलं नाही याची त्यांना खात्री होती. आपण स्वतः ओढ्याकडच्या चांगल्या बाजूला गेले.

थोड्याच वेळात हाक आली. “साडूभाऊ! हे काय आलंय बघा हो!”

क्लचमास्तरांच्या जाडजूड तळहातावर एक सपाट बटण होतं. माती झटकल्यावर पांढरट चमक दिसली. तोंडावर हातानं कोरलेलं फूल, प्रत्येक पाकळीवर बारीक रेघा. चष्मेवाल्यांच्या खणांत तसलं एकही नव्हतं.

“काय आहे? पँटीचं आहे का?”

‘हो, पँटीचंच,’ असं म्हणायला चष्मेवाल्यांनी तोंड उघडलंही. पण भिंग आपोआप डोळ्याला गेलं, बटण आपोआप उलटं झालं, आणि जीभ खरं तेच बोलून गेली. “कोटाचं आहे. चांदीचा मुलामा दिलेला. कोरीव काम हातचं. कडी मागून डाख देऊन बसवलीय. दोनशे वर्षं तरी झाली असतील.”

माणसाबद्दल ते खोटं बोलू शकले असते. बटणाबद्दल बोलता येत नव्हतं, ही त्यांची अडचण होती.

“बापरे!” क्लचमास्तर म्हणाले आणि त्यांनी ते बटण शर्टाच्या खिशात टाकलं. खिशात! किल्ल्यांबरोबर!

त्या दिवसापासून हे असंच सुरू झालं. चष्मेवाले शास्त्रशुद्ध फिरायचे. दोरी लावून, पट्टे पाडून, सावकाश. त्यांना खिळे मिळत, बाटल्यांची झाकणं मिळत, कधी एखादं बिनचेहऱ्याचं बटण मिळे. क्लचमास्तर वाट फुटेल तिकडे जात, मध्येच फोनवर बोलत, मध्येच शिट्टी वाजवत, आणि त्यांच्या चकतीखाली जमीन जणू आपणहून ओंजळ उघडत असे. सैनिकी कोटाचं, जहाजाच्या नांगराचं चिन्ह असलेलं बटण त्यांना सापडलं ते यंत्र टेकवून ठेवलं होतं तिथे. ओतीव पांढऱ्या धातूचं एक जुनं बटण सापडलं ते चुलत्याशी फोनवर भांडताना. कानामागून आली आणि तिखट झाली, तशातली गत.

ती सगळी बटणं त्यांनी काचेच्या बरणीत भरून शिकवणीच्या गाडीत पुढे, काचेपाशी ठेवली होती. शिकाऊ माणसानं क्लच दणकन सोडला की बरणी खुळखुळे. त्या खुळखुळाटाच्या नुसत्या आठवणीनं चष्मेवाल्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

शिवाय प्रत्येक सापडलेलं बटण घेऊन क्लचमास्तर थेट त्यांच्या दुकानात येत. गिऱ्हाईक समोर बसलेलं असे, त्याच्या नाकावर तपासणीची जड चौकट असे, आणि हे दारातूनच ओरडत, “साडूभाऊ, आणखी एक! सांगा आता वय!” चष्मेवाले ओठ आवळून वय सांगत. गिऱ्हाईक म्हणे, “अरे वा, यांचा हात भारीच आहे हो!” सांगणाऱ्याच्या डोळ्याचं कौतुक कुणी करत नसे.

घरीही तेच. “भावोजी, यांना काहीतरी छंद लागला ते बरं झालं,” धाकटी म्हणायची. “तुमच्यामुळेच हो.” आणि ती गेल्यावर थोरली म्हणायची, “एवढी वर्षं तुम्ही जाताय, तुम्हाला नाही कधी असं फुलाचं सापडलं ते?”

“यंत्र वरच्या नंबरचं आहे त्यांचं.”

“मग तुम्ही पण घ्या की तसलं.”

“यंत्रानं काय होतंय!” चष्मेवाले खेकसले. आपण एका दमात दोन उलट गोष्टी बोललो हे त्यांनाही कळलं, पण थोरली तोवर स्वयंपाकघरात गेली होती, आणि तिच्या पाठीकडे बघूनही ती हसतेय हे समजत होतं.

खरा घाव पुढेच होता. गावात एक लहानसं संग्रहालय होतं, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर. तिथलं काम बघणाऱ्या बाई हुशार. जुन्या कापडाचा तुकडा बोटांत धरून त्याचं काळ-कूळ सांगणाऱ्या. आपली बटणं एकदा या बाईंनी बघावीत, अशी चष्मेवाल्यांची जुनी इच्छा होती. बाई दुकानात चष्म्याची दांडी घट्ट करून घ्यायला येत, तेव्हा ते मुद्दाम एखादा खण काउंटरवर उघडा ठेवत. आपणहून ‘बघा’ म्हणणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. बाईंचा चष्मा तेव्हा चष्मेवाल्यांच्याच हातात असे, आणि चष्म्याशिवाय बाईंना काउंटरसुद्धा धड दिसत नसे, ही गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही.

तर एक दिवस बाई आल्या आणि म्हणाल्या, “तुमचे साडू कमाल आहेत हं. मी सध्या त्यांच्याकडे गाडी शिकतेय. त्यांच्या बरणीतली बटणं बघून मी सिग्नलला थांबायचंच विसरले! मी त्यांना सांगितलंय, पुढच्या महिन्यात आम्ही जुन्या रस्त्यावरच्या वस्तूंचं प्रदर्शन लावतोय, खास काही सापडलं तर आधी माझ्याकडे आणा.”

“छान,” चष्मेवाले म्हणाले. त्यांच्या हातातला बारका स्क्रू निसटून फरशीवर गेला, तो पुन्हा मिळाला नाही.

त्या दिवसापासून त्यांना अन्न गोड लागेना. मग त्यांच्या डोक्यात एक विचार आला, आणि तो इतका सोपा होता की त्यांना स्वतःचं कौतुक वाटलं. आपल्याला बटणाबद्दल खोटं बोलता येत नाही ना? ठीक. आपण बोलूच नये. बटणालाच खोटं बोलू द्यावं.

नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्या दुकानातून त्यांनी एक बटण मागून आणलं. राजाच्या झग्याचं, वर सिंहाचं आ वासलेलं तोंड, आयाळ सुटलेली. हलक्या धातूचं, साच्यात ओतलेलं, आजकालचं. ते त्यांनी व्हिनेगर आणि मिठाच्या पाण्यात बुडवलं, मग ओल्या मातीत पुरलं, पुन्हा काढलं, पुन्हा पुरलं. गच्चीवरच्या कुंडीपाशी ते खुरपं घेऊन बसलेले थोरलीनं पाहिले.

“काय पेरताय?”

“बी आहे एक.”

“कशाचं?”

“उगवलं की कळेल,” ते म्हणाले.

बटणाला हवा तसा हिरवट-काळा रंग चढल्यावर एका कामाच्या दिवशी सकाळी ते दुकान बंद ठेवून शेतात गेले. जागा त्यांनी विचार करून निवडली. शेताच्या वरच्या कोपऱ्यात जुन्या फाटकाचा खांब होता आणि त्याच्याभोवती गंजलेल्या तारांचं जंजाळ. तिथे लोखंडच इतकं की यंत्र नुसतं घोगरत राही. म्हणून चष्मेवाल्यांनी तो कोपरा कधी तपासलाच नव्हता. त्यांनी वरच्या तारा ओढून बाजूला केल्या, गवताचा चौकोन अलगद कापून उचलला, अरुंद खड्डा केला, सिंह त्यात सोडला आणि माती दाबून गवत पुन्हा जागच्या जागी बसवलं. यंत्र त्या दिवशी बरोबर नेलं नव्हतं. त्याची गरज काय?

पुढचं चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर लख्ख होतं. क्लचमास्तर सिंह घेऊन नाचत बाईंकडे जाणार, बाई भिंग लावणार, हसू दाबणार. गावभर होणार. मग बरणी गाडीतून आपोआप उतरेल.

रविवारी ते सहज म्हणून म्हणाले, “आज त्या खांबाच्या कोपऱ्यात बघा की. कुणी बघितलेला नाही.”

“तुम्ही नाही बघत?”

“मी ओढ्याकडे जातो.”

ओढ्याकडून त्यांचे कान कोपऱ्याकडेच होते. हाक आली तेव्हा ते चेहऱ्यावर आश्चर्य बसवून चालत गेले. क्लचमास्तर गुडघ्यांवर बसले होते, हातात सिंह. “साडूभाऊ! अहो, राजाचं बटण! राजाचं!”

“अरे वा,” चष्मेवाले म्हणाले, आणि भिंग काढायचं टाळण्यासाठी त्यांनी रुमालानं नाक पुसलं.

“थांबा, अजून वाजतंय खाली.”

“खिळा असेल. तारा आहेत सगळीकडे. बुजवा आता.”

“नाही हो, आवाज गोड आहे. तुम्हीच सांगितलंय ना, लोखंड घोगरं बोलतं म्हणून?” क्लचमास्तरांनी खुरपं पुन्हा खड्ड्यात घातलं. सिंह होता त्याच्या वीतभर खाली माती काळी आणि मऊ झाली. तीत कुजलेल्या जाड कापडाचे धागे दिसले. मग एक पिवळी चकाकी. मग तिच्या शेजारी दुसरी. क्लचमास्तरांनी बोटांनी माती सारली आणि एका ओळीत, जशी कुणी घडी करून ठेवलेल्या कोटावर असावीत तशी, बटणं एकामागून एक वर आली. मोठी छातीची, लहान मनगटांची. सगळ्यांवर सोन्याचा मुलामा, अजून उजळ.

चष्मेवाले मटकन मातीतच बसले. याच खड्ड्यावर ते वाकले होते. याच मातीत त्यांनी मनगटापर्यंत हात घातला होता. आणखी वीतभर खणलं असतं, निदान यंत्र बरोबर आणलं असतं, तर...

“साडूभाऊ, तुम्हाला भरून आलं का?” क्लचमास्तर हळुवारपणे म्हणाले. त्यांचेही डोळे ओले झाले होते. “मलाही आलंय बघा. सांगा ना, कधीची?”

चष्मेवाल्यांनी भिंग लावलं. सपाट पितळी चकती, तारेची कडी, कडीच्या पायाशी डाखाचा बारीक थेंब. मागे चक्राकार घासल्याच्या रेषा. जाडजूड मुलामा. “घोडागाड्यांच्या भर काळातली,” त्यांचा आवाज खोल गेला होता. “दोनशे वर्षांपूर्वीची. एकाच कोटाची. असं... असं अख्खं मिळत नाही कुणाला.”

“आणि हा सिंह?”

“तो वेगळा आहे.”

“तोच तर सगळ्यात भारी!” क्लचमास्तर म्हणाले आणि त्यांनी सिंह सगळ्यांच्या वर ठेवून रुमालाची गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी ते चष्मेवाल्यांना आग्रहानं संग्रहालयात घेऊन गेले. “तुमच्याशिवाय मी काय सांगणार तिथे? मला कडी आणि दांडी यातला फरक कळत नाही.” चष्मेवाले गेले. न जाऊन करणार काय?

बाईंनी टेबलावर पांढरा कागद अंथरला. सोनेरी बटणं एकेक करून मांडताना त्यांचा श्वास मंद झाला. मग त्यांनी सिंह उचलला, नुसता तळहातावर तोलला, आणि भिंग लावायच्या आधीच त्यांचा चेहरा बदलला.

“हे याच खड्ड्यातलं?”

“हो तर! सगळ्यात वर होतं.”

“माती कशी होती? घट्ट?”

क्लचमास्तरांना खोटं बोलणं जमत नसे. “वरची जरा भुसभुशीत होती. मला खणायला सोपं गेलं.”

बाईंनी सिंह बाजूला ठेवला. “हे आत्ताचं आहे. ओतीव, हलका धातू. शिवण नीट घासलेलीसुद्धा नाही. वरचा रंग मुद्दाम चढवलाय. कुणीतरी ते तिथे ठेवलंय.” त्या थांबल्या. शब्द शोधत होत्या. “बाकीची मला खरी वाटतात. पण खड्डाच कुणी आधी उघडला असेल, तर ही बटणं तिथलीच आहेत की दुसरीकडची आणून पुरलीत, हे मी कशावरून म्हणू? प्रदर्शनासाठी लोक असले उद्योग करतात. तुम्ही केलंत असं मी म्हणत नाही.”

“म्हणजे... मीच ठेवली?” क्लचमास्तरांचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला.

“मी म्हणत नाही. पण मला घेता येणार नाहीत.”

खालून वाचनालयातल्या खुर्च्या सरकल्याचा आवाज येत होता. आणि चष्मेवाल्यांना, खरं सांगायचं तर, बरं वाटलं. उन्हातून आल्यावर गार पाणी घशाखाली उतरावं तसं बरं वाटलं. हेच तर हवं होतं. त्यांनी मागितला होता एक डोळा, मिळत होते दोन. त्यांनी खिडकीबाहेर बघत तोंड बंद ठेवलं.

क्लचमास्तरांनी खांदे उडवले. तो माणूस फार वेळ दुःख धरून बसणाऱ्यांतला नव्हता. “जाऊ द्या. नाही तर नाही. धाकटी म्हणतच होती, लिंबू-मीठ लावून चकचकीत घासू आणि सोफ्याच्या उशांना लावू. शोभतील की!” असं म्हणून त्यांनी सगळ्यात मोठं बटण उचललं, त्यावर हाः करून तोंडाची वाफ सोडली आणि शर्टाच्या बाहीनं ते जोरात घासायला लागले. बाहीवर सोनेरी पूड उतरली.

“घासू नका!”

चष्मेवाले उभे राहिले होते. खुर्ची मागे आपटली होती.

“अहो, मळ काढतोय...”

“मळ नाही तो, मुलामा आहे! ठेवा ते खाली. खाली ठेवा म्हणतो ना!” त्यांनी बटण जवळजवळ हिसकावून घेतलं आणि कागदावर ठेवलं. “ही बटणं खरी आहेत, बाई. कडीचा पाय बघा. मागच्या रेषा बघा, आणि धाग्यांचा ठसा अजून आहे, हा इथे. ती कोटासकट तिथे पडून होती. खड्डा वीतभरापेक्षा खाली कुणी उघडलेला नाही.”

“हे तुम्हाला कसं माहीत?” बाईंनी विचारलं.

चष्मेवाल्यांनी सिंहाकडे बोट दाखवलं. “कारण हा मी ठेवला. आणि मी वीतभरच खणलं होतं.”

बाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांनी रागावून काही म्हटलं नाही. पुढे बऱ्याच वेळा चष्मेवाल्यांना वाटलं, म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. “मला जागा दाखवा,” एवढंच त्या म्हणाल्या. ते तिघं गाडीतून शेतावर गेले, आणि सबंध वाटेत गाडीत फक्त बरणी वाजत होती. बाईंनी खड्ड्याची एक बाजू सरळ कापून मातीचे थर बघितले, वरची सैल माती कुठे संपते ते मोजलं, तळाशी उरलेले कापडाचे तंतू कागदात घेतले. मग मान हलवली. बटणं संग्रहालयात राहणार होती.

बाई गाडीत जाऊन बसल्यावर क्लचमास्तर खांबापाशी थांबले. “का हो, साडूभाऊ?”

चष्मेवाल्यांनी खूप कारणं शोधली. शेवटी म्हणाले, “तुम्हाला सापडतात म्हणून.”

“एवढंच?”

“एवढंच.”

क्लचमास्तर जमिनीकडे बघत म्हणाले, “मला सापडलं की मी आधी तुमच्याकडे पळत यायचो. धाकटीला नंतर दाखवायचो. तुम्ही ते भिंग लावून सांगायचात ना, तेच मला आवडायचं. नाहीतर मला काय करायचीत बटणं?” आणि ते गाडीकडे गेले. या म्हणाले नाहीत. चष्मेवाले गावापर्यंत चालत आले.

ही गोष्ट घरात यायला संध्याकाळ लागली नाही. थोरली सगळं धाकटीकडून ऐकून आली आणि पिशवी न ठेवताच म्हणाली, “मी तिच्या दारात आता कुठल्या तोंडानं जाऊ?” ती पुढे बरेच दिवस त्यांच्याशी कामापुरतं बोलली.

प्रदर्शन लागलं. चष्मेवाले गर्दी ओसरल्यावर गेले. काचेच्या पेटीत मळकट निळ्या कापडावर बटणं कोटावर असतील तशी लावली होती. खाली क्लचमास्तरांचं नाव, आणि बाईंनी लिहिलेला काळ. काळ बरोबर होता. त्यांनी ते तीन-तीनदा वाचलं. कुठेतरी चूक सापडावी, असं मनाच्या तळाशी वाटत होतं. सापडली नाही. क्लचमास्तर पलीकडे उभे राहून एका म्हाताऱ्या जोडप्याला कडी म्हणजे काय ते सांगत होते, हातवारे करून, बरंचसं बरोबर. चष्मेवाल्यांना बघून ते क्षणभर थांबले, मग पुन्हा सांगू लागले.

रविवार येत राहिले. चष्मेवाले एकटेच शेतात जात. आता अख्खं शेत त्यांचं होतं, आणि खिळेही.

पावसाळा-बिवसाळा सगळा सरल्यावर एका सकाळी क्लचमास्तर दुकानात आले. दारातून ओरडले नाहीत. तपासणीच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, “जवळचं दिसेनासं झालंय. बघा जरा.”

चष्मेवाल्यांनी त्यांच्या नाकावर जड चौकट ठेवली, एकेक काच घालत गेले. “ही बरी की ही?” “आधीची.” “आणि आता?” “आता स्पष्ट.” त्या चौकटीतून क्लचमास्तरांचे डोळे मोठे आणि लहान मुलासारखे दिसत होते. इतक्या जवळून, इतक्या शांतपणे त्यांनी एकमेकांकडे कधी बघितलं नव्हतं.

“हे वाचा,” म्हणून चष्मेवाल्यांनी तक्ता पुढे केला.

“तक्ता नको. हे दिसतंय का बघतो.” क्लचमास्तरांनी खिशातून एक कागदाची पुडी काढली. खिशात सुटं नाही, पुडीत. आत एक लहान फुगीर बटण होतं. त्यांनी ते उलटं धरलं. “मागची अक्षरं दिसतायत. कडेनं पत्रा दुमडलाय. म्हणजे दोन तुकड्यांचं. बरोबर?”

“बरोबर.” चष्मेवाल्यांनी हात पुढे केला. “आणा इकडे, बघू.”

“बाई म्हणाल्या, रेल्वे आली त्या सुमाराचं असावं. तुम्हाला काय वाटतं?”

चष्मेवाल्यांचा हात भिंगापाशी थांबला. म्हणजे आधी बाईंना दाखवलं. आधी तिकडे पळत गेले असणार, जिना चढून, धापा टाकत, ‘बाई, आणखी एक!’ म्हणत. आणि बाईंनी भिंग लावलं असणार. साडूला बटणं सापडतात याचा हेवा त्यापुढे काहीच नव्हता.

त्यांनी भिंग लावलं. बटण उलटं केलं. अक्षरं वाचली, दुमडलेली कड नखानं चाचपली. बाई चुकल्या असत्या तर किती बरं झालं असतं.

“बाई बरोबर आहेत,” ते म्हणाले.

“मला वाटलंच.” क्लचमास्तरांनी बटण पुन्हा पुडीत बांधलं, चष्मा कधी मिळेल ते विचारलं आणि उठले.

“शुक्रवारी या,” चष्मेवाले म्हणाले. मग ते काउंटरच्या पलीकडून जरा पुढे झाले. “आणि ऐका. पुढचं सापडलं की... वाटेत माझं दुकान आधी लागतं.”

क्लचमास्तर दारात थांबले. त्यांनी मान वळवून आधी चष्मेवाल्यांकडे आणि मग रस्त्याकडे पाहिलं.

“लागतं खरं,” ते म्हणाले, आणि गाडीकडे गेले.